व्हँकूवर: काय पाहिलंत, काय फसलं?

इथे येऊन सात वर्षं झाली. दर उन्हाळ्यात देशातून कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "बघायचं काय?" मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो, कारण माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. निव्वळ काचेच्या इमारती बघायला कुणी इतक्या लांब येऊ नये, एवढं नक्की. तुमचे अनुभव लिहा. फसलेले बेत आधी.

*

मी आले होते ती कामावर, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला. मुक्काम सहा महिने. जूनमध्ये इथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. दिवेलागणीची वाट बघावी तर बाळ झोपूनही जायचं आणि बाहेर लख्ख उजेड! शेवटी जावई म्हणाले, "आई, घड्याळ बघून लावा दिवा."

रोज बाबागाडी घेऊन स्टॅन्ली पार्कात जायचे. पार्क म्हणजे आपली संभाजी बाग असेल, असं धरून चालले होते. हे तर ४०० हेक्टरांचं अरण्य निघालं, तेही गावाला चिकटून. १८८८ पासून राखलेलं. कडेने सीवॉलची वाट आहे, फेरी साधारण ९ किलोमीटर. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सीडार, डग्लस फर. काही बुंधे तिघांच्या कवेत मावायचे नाहीत. पूर्ण फेरी एकदाच झाली, बाळ गाढ झोपलं होतं म्हणून.

*

आमचा फसलेला बेत: झुलता पूल. प्रसिद्ध कॅपिलानो पुलाचं चौघांचं तिकीट नवऱ्याने रुपयांत मोजलं आणि तिथेच खेळ खल्लास. मग कुणीतरी लिन कॅन्यनचं नाव सुचवलं. वॉटरफ्रंट स्टेशनहून सीबस, म्हणजे प्रवासी बोट, पकडायची, १२ मिनिटांत खाडीपलीकडे, पुढे साधी सिटी बस. पूल ५० मीटर उंचावर आहे, हलतो भरपूर आणि तिकीट नाही. खाली हिरवंगार पाणी बघून मुलं उतरायला निघाली होती. पाय बुडवले आणि किंचाळत बाहेर! तिथल्या धोक्याच्या पाट्या मात्र मनावर घ्या. त्या पाण्यात आणि कड्यांवर माणसं गेली आहेत.

*

दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारा माणूस मी. ग्राउस ग्राइंड ही इथल्या डोंगरावरची चढणीची वाट जेमतेम अडीच किलोमीटर, त्याला काय भ्यायचं, असं वाटलं. चढ ८०० मीटरचा, पायऱ्या २,८३०. अर्ध्यावर समजलं की सिंहगडावर मला वर नेतं ते ताक, आणि इथे वाटेत ताक विकणारी मावशी नाही. आजूबाजूला काही दिसतही नाही, नुसती झाडं आणि पुढच्याचे बूट. वाट फक्त चढण्यासाठी. उतरायला गोंडोला, म्हणजे रोपवे, त्याचं तिकीट वेगळं. वर पोचल्यावर खाली सगळं शहर आणि समुद्र पसरलेला दिसला, पण पहिली दहा मिनिटं मी फक्त जमीन बघत बसलो होतो.

*

पावसाचं कौतुक मला सांगू नका, मी चिपळूणचा. पण हा पाऊस वेगळाच. गडगडाट नाही, सर नाही. नोव्हेंबरभर नुसती भुरभुर. छत्री घेऊन फिरणारा मी एकटाच, बाकीचे टोपी ओढून चालू लागतात. डिसेंबरात सव्वाचारला अंधार. त्या दिवसांत मन रमलं ते शरद ऋतूत पाहिलेल्या सामनच्या आठवणीवर. कॅपिलानो नदीवर माशांचं पैदास केंद्र आहे, तिथे काचेतून दिसतं: समुद्रातून परतलेले मासे प्रवाहाविरुद्ध पायरी-पायरीने उड्या मारतात. अंग सोलवटलेलं, तरी पुन्हा उडी. वलगणीचे मासे पाहिलेला माणूसही तासभर तिथून हलत नाही.

*

कोल हार्बरला जाल तर समुद्रकाठचं कोमागाता मारू जहाजाचं स्मारक चुकवू नका. १९१४ साली ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, याच बंदरात दोन महिने जहाजावर अडकून होते. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत पाठवलं. कोलकात्याजवळ बजबजला उतरल्यावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मेले. आता त्याच काठावर लोक आइस्क्रीम खातात. मीही खात होतो, पाटी वाचेपर्यंत.

*

जोफ्री लेक्सला जाणाऱ्यांनी दिवसाचा पास आधी काढावा लागतो का, ते बघूनच निघा. आम्ही अडीच तास गाडी हाकून गेलो आणि पासाविना परतलो. चूक आमचीच. वाटेत शॅनन फॉल्स पाहिला, ३३५ मीटरचा, एवढंच पदरात पडलं.

*

परत मीच, बाबागाडीवाली. एक राहिलं. सप्टेंबरात यजमानांच्या आईची तिथी होती. पान बाहेर ठेवायला लेक लाजत होती, शेजारी काय म्हणतील म्हणून. पुण्यात कावळा शिवायला तासतासभर ताटकळलोय आम्ही. संध्याकाळी बाल्कनीत आले तर आभाळभर कावळे, सगळे एकाच दिशेला, पूर्वेकडे. जावई म्हणाले, बर्नबीत स्टिल क्रीकला हजारोंनी मुक्कामाला जातात, रोजच. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यावर भात आणि वडा ठेवला. मी आत वळले नाही तोच पान रिकामं!