कोसॅक मेडलं जमवणं म्हणजे पत्रा जमवणं. कोणाला पटतंय?

जुनाबाजार_रविवार
स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊदे. हल्ली 'रशियन मिलिटरी मेडल' म्हणून जे लॉटच्या लॉट विकले जातात त्यातलं बरंचसं मेडलच नसतं. परवा एका पोराने फोटो पाठवले, काळी-केशरी फीत, दोन तोंडाचा गरुड, आडव्या तलवारी, बघताक्षणी वाटावं की लढाईतलंच काहीतरी आहे. उलटं केलं तर नंबर नाही, टांकसाळीची खूण नाही, नुसतं एका कोसॅक (रशिया-युक्रेनच्या सीमाभागातली जुनी लढवय्यी घोडेस्वार जमात) संघटनेचं नाव. अरे रशियात सरळ तीन पायऱ्या आहेत. एक, राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाने मिळणारी सरकारी, जसं १९९४ साली सुरू झालेलं ऑर्डर ऑफ करेज. दोन, खात्यांची, म्हणजे संरक्षण मंत्रालय वगैरे देतं ती. आणि तीन, संस्थांनी आपापल्या माणसांना वाटलेली. ही तिसरी पायरी म्हणजे गणेश मंडळाचं सन्मानचिन्ह, त्याला शौर्यपदक म्हणून पैसे मोजायचे?

मीनाकाम
मंडळाचं सन्मानचिन्ह हे मान्य. पण म्हणून पत्रा कसा काय? २४ जानेवारी १९१९ ला बोल्शेविकांनी कोसॅकांना चिरडायचा आदेश काढला, त्यानंतर पुढच्या पिढ्यांना आजोबाचा झारच्या काळातला शौर्याचा क्रॉस घरात ठेवायचीसुद्धा भीती. मग १९९० मध्ये कोसॅक संघ निघाला, जून १९९२ मध्ये रशियाचा राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनने त्यांच्या पुनर्वसनाचा हुकूम काढला आणि लगेच भांडणं सुरू, एक गट 'लाल' कोसॅक (सोव्हिएतकडे झुकलेला), दुसरा 'पांढरा' (झारवादी), एकाच प्रदेशात दोन-दोन अतामान, म्हणजे कोसॅकांचे सरदार, आणि प्रत्येकाचे वेगळे बिल्ले. मला तेच भांडण पितळेत बघायला आवडतं. ऑर्डर ऑफ करेज एक पाहिलं की सगळी पाहिली, नंबर सोडला तर फरक काय?

आणि ओळखायला डोकं लागतं बरं का. माझ्याकडे एक छोटा बिल्ला आहे, त्यावर हरीण आणि हरणाच्या अंगात घुसलेला बाण. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल शिकार क्लबचा आहे, पण ते डॉन नदीकाठच्या कोसॅकांचं जुनं चिन्ह. (त्यांच्या दुसऱ्या एका शिक्क्यावर दारूच्या पिंपावर बसलेला उघडा कोसॅक आहे, पीटर द ग्रेटच्या काळातला, तो बिल्ला कोणाकडे असेल तर मला मेसेज करा.) माझ्या बिल्ल्याला मागे स्क्रू आहे आणि रंग खऱ्या मीन्याचा, काचेसारखा, सुईने ओढलं तरी चरा जात नाही. नवीन मालात बहुतेक थंड मीना म्हणजे रेझिन असतं, तिरकं धरलं की फुगीर दिसतं आणि सुई लगेच रुतते.

सुभेदार_निवृत्त
मीनाकाम, मीना ओळखता आला म्हणजे पदक ओळखलं असं होत नाही. पदक ओळखायचं म्हणजे कोणी दिलं आणि कशासाठी दिलं ते ओळखायचं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं चांदीचं वॉर मेडल घ्या, आपल्या मराठा पलटणींच्या लोकांनाही मिळालेलं, कडेला शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, माणूस शोधता येतो. सोव्हिएत ऑर्डरवरचा नंबर कागदांशी जुळवला तर कोणाला दिली ते कळू शकतं. तुमच्या हरणवाल्या बिल्ल्याचा मालक कोण होता, तो कुठे लढला, लढला तरी का? काहीच कळत नाही.

मीनाकाम
सुभेदार साहेब, तुमचा मुद्दा मान्य, पण मग खऱ्या सरकारी पदकाचं काय करायचं सांगा. रशियात त्यांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे, फौजदारी संहितेचं कलम ३२४, रशियन आणि सोव्हिएत दोन्ही सरकारी पदकांना लागू. आणि आज जे ऑर्डर ऑफ करेज बाजारात येईल ते कोणाच्या घरातून येईल? युक्रेनमध्ये मेलेल्या पोराच्या आईकडूनच ना बहुधा. ते घेण्यापेक्षा मला अतामानाचा बिल्ला बरा, त्यात कोणाचं रक्त नाही.

सुभेदार_निवृत्त
रक्त नाही असं सरसकट कसं म्हणता. १९९२ ला ट्रान्सनिस्ट्रियात (मोल्दोवातून फुटलेला भाग) डॉनचे कोसॅक जाऊन लढलेत, मेलेत. म्हणून तर म्हणतो की कागद बघा. पदकासोबत सनदेचं छोटं पुस्तक असेल, नाव, तारीख, सही-शिक्का असेल तर मी त्याला हात लावीन. नुसता धातू असेल तर नाही.

जुनाबाजार_रविवार
साहेब कागदावर पण जाऊ नका, कोरी पुस्तकं छापून मिळतात, नाव आपण टाकायचं. आणि नुसते कोसॅकच नाही हो. साझी उमालातोवा म्हणून सोव्हिएत संसदेच्या एक माजी सदस्य, सोव्हिएत युनियन बुडाल्यावर त्यांनी आपलं एक अध्यक्षमंडळ चालवलं आणि सोव्हिएत वळणाची पदकं म्हाताऱ्या सैनिकांना वाटली. लाल तारा, लेनिन, सगळं आहे, फक्त देणारं राज्य शिल्लक नाही. आपल्याकडे येऊन ती 'सोव्हिएत' म्हणून विकली जातात. सुरक्षा आणि संरक्षणाची म्हणवणारी एक अकादमी तर थेट सरकारी ऑर्डरसारख्या दिसणाऱ्या ऑर्डरी देत सुटलेली, २००८ ला रशियाच्या सुप्रीम कोर्टाने ती बंद केली.

मीनाकाम
भाऊ, तूच माझी बाजू मांडतोयस. देश बुडाल्यावरही कोणीतरी त्या देशाच्या नावाने म्हाताऱ्याच्या छातीवर मेडल लावतं आणि म्हातारा ते ९ मेला, त्यांच्या विजयदिनाला, अभिमानाने घालून फिरतो, ह्यापेक्षा भारी गोष्ट एका बिल्ल्यात असू शकते का? विकताना खोटं बोलू नका एवढंच. 'सोव्हिएत' लिहू नका, 'उमालातोवा' लिहा, मी तरीही घेईन.

मोरजीकर
आमच्या गोव्यात रशियन भरपूर. दोघातिघांना कोसॅक मेडलांबद्दल विचारलं, सगळे हसले, म्हणे ते सोंगाडे आहेत, छातीवर जागा संपली की पाठीवर लावतील. पण मला वेगळं विचारायचंय, 'क्रिमिया परत मिळवल्याबद्दल'चं मेडल ठेवावं का? युक्रेनचा क्रिमिया रशियाने २०१४ ला घेतला, त्याचं. रशियन संरक्षण मंत्रालयाचं आहे, म्हणजे दुसरी पायरी.

जुनाबाजार_रविवार
ते आधी खरं आहे का बघ. सरकारी पदक नसल्याने कलम ३२४ त्याला लागत नाही आणि तिकडे मिलिटरी सामानाच्या दुकानात डुप्लिकेट सर्रास मिळतं.

सुभेदार_निवृत्त
माझ्या मते ठेवू नये. दुसऱ्याचा प्रदेश घेतल्याचं पदक शोकेसमध्ये कशाला मिरवायचं.

मीनाकाम
उलट हेच ठेवावं. त्याच्या मागे तारखा आहेत, २० फेब्रुवारी ते १८ मार्च २०१४. वीस तारखेला युक्रेनचा यानुकोविच कीव्हमध्येच होता, राष्ट्राध्यक्षच होता, पळाला तो नंतर. म्हणजे कीव्हमध्ये सत्ता उलटली म्हणून आम्हाला हालचाल करावी लागली हे जे रशियाकडून सांगितलं जातं, ते त्यांच्याच मेडलाच्या पाठीवर खोटं पडतं. असला पुरावा फेकून द्यायचा?

सुभेदार_निवृत्त
पुरावा फोटोतही दिसतो. फोटो ठेवा. विकत घेतलंत की पुढचं बनवायला त्या दुकानदाराला तुम्हीच पैसे देताय.

मीनाकाम
मग जुनं, कोणाच्या तरी कलेक्शनमधलं घेतलं तर चालेल का तुम्हाला? नवीन नको, कबूल.

सुभेदार_निवृत्त
सनद असेल तर बोलू.