लहान विमान पडलं की दोष पायलटचाच? मला पटत नाही

लेथवाला, उद्यमनगर

मंडळी, खासगी लहान विमान पडलं की अहवालात शेवटी एकच शेरा ठरलेला: पायलटची चूक. अमेरिकेतली आकडेवारी तर सांगते, असल्या विमानांच्या अपघातांत चारातले जवळपास तीन पायलटच्या खात्यावर जमा. मला हे पटत नाही.

माझा धंदा इंजिनाचा. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान. १९५५ साली पहिल्यांदा उडालं, ४४ हजारांच्या वर बनली. त्यातल्या बहुतेकांत इंजिन काय, तर चार सिलिंडर आडवं, हवेवर थंड होणारं, पुशरॉडचं. इग्निशनला, म्हणजे ठिणगी पाडायला, मॅग्नेटो! आपल्या जुन्या स्कूटरला असायचा तसला. पेट्रोलात अजून शिसं. यातली कितीतरी विमानं चाळीस-पन्नास वर्षांची होऊनसुद्धा उडतायत. चाळीस वर्षांचा ट्रक घाटात ब्रेक फेल झाला तर आपण ड्रायव्हरला शिव्या देतो का मालकाला?

एक उदाहरण देतो. मिसुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन, ऑक्टोबर २०००. लहान सेसना ३३५, रात्रीची वेळ, पाऊस, आणि पायलटसमोरचं विमानाचा कल दाखवणारं मुख्य उपकरण बिघडलेलं. पायलट त्यांचाच मुलगा. तिघंही गेले. अहवालात मुख्य कारण काय? पायलटला दिशाभ्रम झाला. उपकरणाचा बिघाड 'हातभार लावणारं कारण' म्हणून खाली. हे उलटं नाही का?

ढगातला माणूस

लेथवाले, तुमचं इंजिनाचं ज्ञान पक्कं आहे, निष्कर्ष कच्चा आहे. मी बरीच वर्षं पोरांना विमान शिकवलं, आता निवृत्त होऊन नागाळा पार्कात राहतो.

मॅग्नेटोला हसू नका. तो ठेवलाय कारण त्याला बॅटरी लागत नाही. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं. आणि तो एक नसतो, दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. दर उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती पडतो ते बघायचं असतं. तुमच्या गिऱ्हाइकांतला कोण गाडी काढताना एवढं बघतो?

दुसरं, इंजिन बंद पडलं म्हणून माणूस मरत नाही. सेसना १७२ इंजिनाशिवाय जमिनीपासून तीन हजार फुटांवरून साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं. मरण येतं पुढच्या दहा सेकंदांत घेतलेल्या निर्णयाने. टेक-ऑफनंतर चार-पाचशे फुटांवर इंजिन थांबलं, तर नाक खाली घालून समोर जे दिसेल त्यात उतरायचं, मग ऊस असो नाहीतर पडीक रान. पण मनाला मागची धावपट्टी खुणावते. माणूस वळतो. विमान ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग जवळपास एक-पंचमांश वाढतो, म्हणजे एरवी ज्या वेगाला पंख विमान पेलतात त्याच वेगाला आता सोडून देतात. विमान गिरकी घेतं आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. उतरताना धावपट्टीकडे शेवटचं वळण घेतानाही हाच प्रकार होतो, तेव्हा तर इंजिन चांगलं चालू असतं!

आणि ढग. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांवर उडवायचा सराव नसलेले २० विद्यार्थी पायलट घेतले आणि बाहेरचं काही दिसणार नाही अशी परिस्थिती केली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांगतो 'सरळ चाललोय', आणि विमान गोल गोल खाली जात असतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर १६ जुलै १९९९ ला असेच गेले. रात्र, धुरकट हवा, खाली समुद्र, क्षितिज दिसेना. उपकरणांवर उडण्याचं रेटिंग त्यांच्याकडे नव्हतं. विमानात काहीही बिघाड सापडला नाही.

शिवाजी पेठ

१७८ सेकंद! आमच्या पेठेत एवढ्या वेळात चहाची ऑर्डर पण ठरत नाही.

चाललंय ते लई भारी चाललंय, पण एक विचारतो. संजय गांधींचं काय? ते यंत्र का माणूस?

ढगातला माणूस

माणूस. २३ जून १९८०, सफदरजंग विमानतळाजवळ, पिट्स एस-२ए हे कसरतीचं विमान, कमी उंचीवर कसरती. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पंचगंगाकाठ

दादा, तुमचं दोघांचं वाचतेय. माझी मुलगी पायलटचं शिक्षण घेतेय, त्यामुळे मला ही चर्चा परीक्षेच्या प्रश्नासारखी वाचता येत नाही.

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ शेतात पडलं होतं, आठवत असेल. एकटी उडणारी शिकाऊ मुलगी होती, वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, दोन्ही एकाच संस्थेची. तेव्हा डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. म्हणजे नियामकालाही तिथे फक्त पायलट दिसला नाही, संस्था दिसली.

मुलगी काय सांगते ते लिहिते, संस्थेचं नाव घेणार नाही. विमानात काही खटकलं तर वहीत स्नॅग लिहायचा असतो. स्नॅग लिहिला की इंजिनियर बघून सही करेपर्यंत विमान उभं राहतं. विमान उभं राहिलं की मागच्या चार मुलांचे तास बुडतात. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, आणि तासातासाचे पैसे आईबापांनी कर्ज काढून भरलेले असतात. मग पोरं एकमेकांना तोंडी सांगतात, 'डावा ब्रेक जरा मऊ आहे, सांभाळ.' उद्या त्याच विमानाचं काही झालं तर अहवालात काय येईल? 'पायलटने उड्डाणापूर्वीची तपासणी नीट केली नाही.' लेथवाले दादांचं मला इथे पटतं.

लेथवाला, उद्यमनगर

ताई, हेच तर म्हणतोय मी!

ढगातला माणूस

ताई, तुम्ही म्हणता ते होतं, नाकारत नाही. पण स्नॅग न लिहिणं हासुद्धा माणसाचाच निर्णय आहे. मुलीला एवढंच सांगा, तोंडी सांगितलेला बिघाड म्हणजे न सांगितलेला बिघाड.

चार्टरचा हिशेब

दोघंही पुढच्या सीटवरच भांडताय. जरा मागच्या सीटवर बघा की.

मी चार्टर विमानांच्या ग्राउंड हँडलिंगमध्ये काम केलंय. पायलटला हवामान समजत नाही असं फार कमी वेळा होतं. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, असं बऱ्याच वेळा होतं. खाली साहेबांची सभा असते, लग्नाचा मुहूर्त असतो, कारखान्याची बैठक असते. साहेब घड्याळ बघतात, पीए फोनवर फोन करतो, 'कॅप्टन, काय ते बघा ना.' तो 'बघा ना' फार महागात पडतो.

माधवराव शिंदे, ३० सप्टेंबर २००१. कानपूरच्या सभेला निघालेलं किंग एअर सी-९० खराब हवेत मैनपुरीजवळ कोसळलं, आठही जण गेले. मार्च २००२, लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांचं हेलिकॉप्टर आंध्रात, तिथेही दिसत नव्हतं. परदेशातही तेच. गायिका आलिया, २५ ऑगस्ट २००१, बहामा बेटांवर सेसना ४०२. माणसं आणि शूटिंगचं सामान मिळून वजन मर्यादेच्या बाहेर, पायलट नको म्हणतोय आणि मंडळींना आजच निघायचंय. टेक-ऑफ होताच पडलं, नऊ मृत्यू. त्या पायलटची कागदपत्रंही धड नव्हती, ते वेगळं. पण वजन त्याने भरलं नव्हतं.

ढगातला माणूस

भरू दिलं ना पण? किल्ली त्याच्याच हातात होती.

चार्टरचा हिशेब

किल्ली त्याच्या हातात, पगार मालकाच्या हातात. साहेब, तुम्ही शिकवायचात तेव्हा तुमच्या मागे आमदार बसत नव्हते.

लेथवाला, उद्यमनगर

😄 बरोबर!

आता मी दुसरं पान टाकतो. गायक जॉन डेन्व्हर, १२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाँग-ईझी नावाचं हौशी माणसाने स्वतः बनवलेलं विमान. टाकी बदलायचा वॉल्व्ह कुठे बसवलेला? सीटच्या मागे, डाव्या खांद्यामागे! उडता उडता अंग वळवून हात मागे घालायचा. तसं करताना पाय रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर, पडला असावा, विमान समुद्रात. सांगा आता पायलटची चूक. असला वॉल्व्ह माझ्या शॉपमधल्या पोराने मशिनला बसवला असता तर त्याच दिवशी हिशेब केला असता.

ढगातला माणूस

चांगलं उदाहरण काढलंत, फक्त अर्धं सांगितलंत. वॉल्व्हची जागा आणि त्यावर खुणा नसणं अहवालात आहेच. पण त्या विमानाची पुरेशी सवय नव्हती, हेही आहे. निघण्याआधी 'अजून इंधन भरायचं का' असं विचारलं होतं, तेव्हा नको म्हणाले. टाकी भरलेली असती तर हात मागे घालायची वेळच आली नसती. लहान विमानांत इंधन संपून, किंवा एका टाकीत असून दुसरीवर राहून, इंजिन थांबण्याचे प्रकार आजही होतात.

यंत्र सुधारलं की प्रश्न मिटतो हेही खरं नाही. सिरस कंपनीच्या विमानाला आख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं. खेचलं की रॉकेट सुटतं आणि सगळं विमान छत्रीखाली उतरतं. २००२ साली ते पहिल्यांदा खऱ्या संकटात वापरून माणूस वाचला. तरी पुढची बरीच वर्षं त्या विमानांचे जीवघेणे अपघात इतरांपेक्षा काही कमी नव्हते. कारण पायलट पॅराशूट खेचतच नव्हते, 'मी सावरतो' म्हणत जमिनीपर्यंत यायचे. 'आधी खेच, मग विचार कर' हे शिकवायला लागल्यावर आकडे खाली आले.

शिवाजी पेठ

'मी सावरतो.' हे वाक्य कोल्हापुरातच तयार झालं असणार.

पंचगंगाकाठ

पण मग ती सुधारणा शिकवण्यामुळे झाली ना? म्हणजे आधी कमी होतं ते शिक्षण. चुकणाऱ्या पायलटच्या मागे कुणीतरी नीट न शिकवणाराही असतो. ढगातले काका, रागावू नका.

ढगातला माणूस

रागावलो नाही. हा मुद्दा मान्य.

आता आपल्या गावापुरतं. उजळाईवाडीची, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर. मे महिन्यात ३८ अंश तापमानात तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद कमी, पंखाची उचल कमी, धाव लांब. चार धडधाकट माणसं आणि दोन्ही टाक्या भरून सेसना १७२ भर दुपारी काढायची म्हणजे पुस्तकातले तक्ते आधी उघडायला हवेत. धावपट्टी पुरेल, पण नंतर चढताना दमछाक होईल.

आषाढात वेगळंच. २२-२३ अंश, दमट हवा, आणि जुन्या विमानात कार्ब्युरेटर. लेथवाले, तुम्हीच सांगा, पेट्रोलची वाफ होताना आणि गळ्यातून हवा जाताना तापमान किती पडतं?

लेथवाला, उद्यमनगर

वीस अंश सहज पडत असेल. थांबा… म्हणजे कोल्हापुरात पावसाळ्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतो?

ढगातला माणूस

होतो. उतरताना थ्रॉटल कमी केलं की जास्तच. म्हणून कार्ब हीटचा दांडा असतो, एक्झॉस्टजवळची गरम हवा आत घ्यायला. वेळेवर ओढला तर काही होत नाही. विसरला तर इंजिन थांबतं, आणि गंमत म्हणजे जमिनीवर उघडून बघेपर्यंत बर्फ वितळलेला असतो, पुरावा काहीच नाही.

लेथवाला, उद्यमनगर

आणि अहवालात लिहिणार, पायलटने कार्ब हीट ओढली नाही! अहो, ज्या इंजिनाला आपल्या पावसाळ्यात आपोआप गरम हवा घेता येत नाही त्याचं डिझाईनच अर्धवट. गाडीतला कार्ब्युरेटर कधीच गेला, इंजेक्शन आलं. विमानाला का नाही?

ढगातला माणूस

आलंय की. नव्या १७२ मध्ये इंजेक्शनच असतं. पण जुनं विमान फेकून कोण देतो? तुम्ही तरी गिऱ्हाइकाला रिबोअर सोडून नवीन इंजिन घ्या म्हणता का?

लेथवाला, उद्यमनगर

ते नाही म्हणत. पण रिबोअर केलेलं इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, ड्रायव्हरच्या नाही.

चार्टरचा हिशेब

पंचगंगाकाठ ताई, या दोघांचं चालू दे. मुलीच्या संस्थेत गेलात तर ऑफिसात बसू नका. हँगरमध्ये जा आणि स्नॅगची वही मागा. वहीत महिनोन्‌महिने एकही नोंद नसेल तर जास्त काळजी करा.