मदत हवी आहे: एका खोलीतला रात्रीचा संवाद मोबाइलवर कसा चित्रित करावा?

तिसरी घंटा
मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी 3 मिनिटांचा प्रसंग करायचा आहे. रात्र, वडील आणि मुलगी टेबलाशी समोरासमोर, पिठलं-भाकरी चाललीय आणि मुलगी नोकरी सोडल्याचं सांगते. खोली 10 बाय 12, पांढऱ्या भिंती, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात फ्रिज. हाताशी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल, एक ट्रायपॉड, एक वायरचा कॉलर माइक. चाचणीत तीन भानगडी दिसल्या: चित्रात काळसर पट्टे सरकतात, क्लोजअप जोडले की दोघं तिसऱ्याच कुणाशी बोलतायत असं वाटतं, आणि आवाज घुमतो. बजेट हजार रुपये. भाड्याचे दिवे नकोत.

खटपट्या
पट्ट्यांचं आधी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते. मोबाइलने स्वतःच्या मनाने 1/60 शटर (प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड) धरलं की त्यात ही चक्रं पुरी बसत नाहीत आणि पट्टे येतात. शटर 1/50 ला बांधा, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) 25. 1/100 लाही पट्टे जातात, पण उजेड निम्मा होतो. फोनच्या कॅमेऱ्यात सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट आहे. तुमच्या मॉडेलवर चालतं का ते आधी बघा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), फोकस, व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा तोल) सगळं लॉक. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर शॉट चालू असतानाच भाकरी पिवळीची निळसर होते, आणि ते एडिटिंगमध्ये निस्तरताना नाकी नऊ येतात.

मुळात ती ट्यूब बंदच करा. डोक्यावरच्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. 12 वॉटचे दोन वॉर्म एलईडी बल्ब, होल्डर, वायर आणि बटर पेपर हजारात बसतं. एक बल्ब टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे कॅमेरा ज्या अंगाला आहे त्याच्या विरुद्ध, बसलेल्या डोक्यांपेक्षा थोडा वर. त्याच्यापुढे दीड फुटावर बटर पेपर ताणा. तिथून दोघांच्याही चेहऱ्याची पलीकडची बाजू उजळते आणि अलीकडे आपोआप सावली राहते. सावली फार गडद वाटली तर अलीकडून पांढरा थर्माकोल. दुसरा बल्ब मागे स्वयंपाकघरात, नुसता चित्रात खोलपणा दाखवायला.

बल्ब डिमरवर मंद करू नका, स्वस्त एलईडी तसे 1/50 लाही लुकलुकतात. उजेड कमी हवा तर बल्ब लांब न्या. आणि घरात जुना हॅलोजन सापडला तरी त्याला बटर पेपर लावू नका, पेटतो.

पांढऱ्या भिंती जास्त छळतील. टेबल खोलीच्या मध्यात ओढा, नटांच्या मागे गडद चादर.

पडदानशीन
दुसरी भानगड रेषेची. दोघांना जोडणारी एक रेघ मास्किंग टेपने जमिनीवर मारा आणि सगळे शॉट तिच्या एकाच अंगाने घ्या. मुलगी चौकटीत उजवीकडे बघत असेल तर वडिलांनी डावीकडेच बघायला हवं. लेन्स रेषेला जितकी चिकटून, बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर, तितके दोन्ही डोळे दिसतात. समोरचा नट शॉटमध्ये नसला तरी त्याने आपल्याच खुर्चीत बसून वाक्यं बोलायची. तिथे उभा माणूस ठेवला की नजर वर जाते.

दोन मोबाइल दोन बाजूंना लावून एकदम उरकायचा मोह होईल. रंग जुळणार नाहीत. चित्राला एकच फोन. आधी मास्टर (दोघंही दिसतील असा अख्ख्या प्रसंगाचा शॉट), मग मुलीकडचे सगळे शॉट, मग उजेड थोडा हलवून वडिलांकडचे. क्लोजअप 1एक्स झूमवर जवळ जाऊन घेतला तर नाक मोठं दिसतं. 2एक्सवर मागे सरका.

कानसेन
आवाज घुमतो कारण माइक तोंडापासून लांब आहे आणि खोली उघडीबोडकी. दुसरा फोन रेकॉर्डर करा, कॉलर माइक त्याला जोडा. क्लोजअपमध्ये ज्याचा चेहरा दिसतो त्याच्या छातीवर, कपड्याच्या आतून, मायक्रोपोर (जखमेवरच्या कागदी) टेपने चिकटवून. नाहीतर कापडाची खरखर येते. मास्टरच्या वेळी तांब्यामागे लपवा. कॅमेऱ्यामागे दोरीवर दोन गोधड्या, खाली सतरंजी. 48 किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठ्याने बोललेलं वाक्य उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान.

पंखा बंद, फ्रिज बंद. घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण होईलच. प्रत्येक टेकला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा आणि शॉट क्रमांक बोला, म्हणजे वेगळा घेतलेला आवाज चित्राशी जुळवता येतो. शेवटी सगळे गप्प बसून खोलीचा मिनिटभर नुसता आवाज घ्या. वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजवायच्या.

फोनच्या मूळ अ‍ॅपने घेतलं असेल तर फ्रेमरेट वरखाली होतो आणि लांब टेकमध्ये ओठ-आवाज सुटतात. एडिटिंगआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर 25 करून घ्या.

तिसरी घंटा
आभार! भाकरीचं सातत्य (शॉट बदलला तरी ताट तसंच दिसणं) कसं सांभाळू? आणि काळा कागद लावून दुपारी करू की खरोखर रात्री?

पडदानशीन
घास संवादाला बांधा: कोणत्या शब्दावर तोडायचा, कोणत्या शब्दावर तोंडात घालायचा हे संहितेत लिहा. तोंडात घास असताना महत्त्वाचं वाक्य देऊ नका, नाहीतर कटची जागा उरत नाही. प्रत्येक टेकआधी ताटाचा फोटो. दर टेकला नवी भाकरी लागेल, डझनभर तरी करून ठेवा. पिठलं पातळ ठेवा, दिव्याखाली सुकून वेगळं दिसतं. वेळ म्हणाल तर दुपारी, कागद लावून.

खटपट्या
असहमत. पंखा बंद आणि खिडक्या काळ्या कागदाने बुजवलेल्या, तासाभरात दोघांचे चेहरे घामाने चमकतील. रात्री 10 नंतर करा, रहदारीही कमी असते. फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.