मदत हवी आहे : बऱ्यावाईटाचे गुण न देणारे गेम सुचवा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर अकरावी-बारावीची मुलं येतात. त्यांच्याबरोबर एखादा गेम खेळून त्यातल्या निवडींवर गप्पा मारायच्या आहेत.

मनात पहिला आहे लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३). आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर आपण कागदपत्रं तपासणारे कारकून. एका माणसाची कागदपत्रं चोख असतात, पण मागून आलेल्या त्याच्या बायकोकडे प्रवेश परवाना नसतो. तिला आत सोडलं तर नियम मोडतो. रोजच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, पुढे पगार कापला जातो आणि घरी अन्न, औषध, शेकोटी यांत काटछाट करावी लागते. कोणी उपदेश करत नाही, म्हणूनच तो इतका भिडतो. 'मास इफेक्ट'सारख्या गेममध्ये सज्जनपणाचे वेगळे गुण जमतात. मग मुलं विचार करण्याऐवजी गुण गोळा करतात, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४). युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांना त्यात जगवायचं असतं. १९९०च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो प्रेरित आहे. औषधासाठी वृद्ध जोडप्याला लुटायचं का, हा त्यातला प्रसंग सोळा वर्षांच्या मुलांना झेपेल का? कोणी या वयाच्या मुलांबरोबर तो खेळलं असेल तर कृपया सांगा.

शिवाय साध्या लॅपटॉपवर चालणारे, कमी इंग्रजी लागणारे आणि तासाभरात एखादा खरा पेच समोर ठेवणारे आणखी कोणते गेम आहेत?