व्हीएमच्या कन्सोलसाठी मध्ये प्रॉक्सी हवाच का?

खाडीकाठ, रत्नागिरी
आमच्याकडे चार होस्ट (खरी सर्व्हर मशीनं), त्यांवर साठेक व्हीएम (आभासी मशीनं). गेल्या आठवड्यात एका व्हीएमचं नेटवर्क सेटिंग चुकलं, एसएसएच (नेटवर्कवरून आत शिरायची सुरक्षित वाट) बंद. कन्सोल (व्हीएमचं नेटवर्क नसलं तरी चालणारा तिचा स्क्रीन-कीबोर्ड) होता म्हणून ती उठली. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तशा दिवसांत मशीनपर्यंत माणूस पोचतच नाही. म्हणून ठामपणे सांगतो, कन्सोलची वाट एकाच प्रॉक्सीतून (मधल्या मध्यस्थ सर्व्हरातून) हवी. ब्राउझरात नोव्हीएनसी (व्हीएनसी म्हणजे दूरची स्क्रीन दाखवायची पद्धत, हे तिचं ब्राउझरातलं रूप), मध्ये वेबसॉकेट (ब्राउझरची सतत उघडी जोडणी) प्रॉक्सी आणि थोड्या मुदतीचं टोकन, म्हणजे तात्पुरता पास (क्लाउड चालवायच्या ओपनस्टॅक सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग ६०० सेकंद). ५९०० पासूनचे व्हीएनसी पोर्ट बाहेर उघडायचेच नाहीत. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत पहिली ८ अक्षरंच धरतात, त्याच्या भरवशावर कसं राहायचं?

कुडाळची आबोली
ह्या माका पटणा नाय. चार होस्टसाठी सांभाळायला पाचवं मशीन कशाला? क्यूईएमयूचा (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचा) व्हीएनसी १२७.०.०.१ वर, म्हणजे होस्टच्या आतच ठेवा आणि एसएसएच टनेलने (एसएसएचच्या आतून नेलेल्या वाटेने) जा. पार होस्टपर्यंत सगळं एन्क्रिप्टेड. तुमच्याकडे प्रॉक्सीपर्यंत टीएलएस (वेबचं नेहमीचं एन्क्रिप्शन), पण प्रॉक्सी ते होस्ट काय? मुद्दाम वेन्क्रिप्ट (व्हीएनसीसाठीचं एन्क्रिप्शन) लावला नाही तर ते उघडंच जातं. आणि प्रॉक्सी पडला की साठही कन्सोल एकदम गेले.

खाडीकाठ
वेन्क्रिप्टचं मान्य, लावायलाच हवा. पण आबोलीताई, टनेलसाठी प्रत्येकाला होस्टवर खातं द्यावं लागतं. ज्याला एक व्हीएम बघायची, त्याला अख्ख्या घराची किल्ली?

कुडाळची आबोली
त्या खात्याचा शेल (कमांड चालवायची सोय) बंद करता येतो, आणि एसएसएचच्या 'परमिटओपन' सेटिंगने त्या किल्लीला एकच पोर्ट देता येतो.

खाडीकाठ
लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरात) ऑटोपोर्ट (पोर्ट आपोआप निवडणं) असेल तर व्हीएम बंद-चालू केली की पोर्ट बदलू शकतो. मायग्रेशन (व्हीएम दुसरीकडे हलवणं) झालं तर होस्टच बदलतो. दर वेळी किल्ल्यांची फाइल कोण दुरुस्त करणार? कुठली व्हीएम कुठे आहे हे विचारून जोडून देणं, हेच तर प्रॉक्सीचं खरं काम.

दाभोळ धक्का
मी प्रॉक्सीच्या बाजूचा, पण टोकन म्हणजे सगळं झालं असं समजू नका. ते सहसा जोडतानाच तपासलं जातं, उघडी खिडकी पुढे चालूच राहते. ओरिजिन हेडरही (जोडणी कुठल्या साइटच्या पानावरून आली ते सांगणारी नोंद) तपासा. ते न तपासल्यामुळे दुसऱ्या साइटच्या पानाला कन्सोल बळकावता येईल अशी चूक ओपनस्टॅकच्या नोव्हा या भागातच निघाली होती, २०१५ मध्ये. आणि प्रॉक्सीच्या पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) असेल तर 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' वाढवा. मूळ ६० सेकंदच असतो, स्क्रीन स्थिर राहिली की जोडणी तुटते. लोक फायबरला दोष देत बसतात.

खाडीकाठ
ओरिजिनचं आजच बघतो. आबोलीताई, आम्हा दोघा ॲडमिनना टनेलची वाट राखून ठेवतो. बाकी सगळे प्रॉक्सीतून.

कुडाळची आबोली
तेवढं केलंत तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा असा: तो प्रॉक्सी त्याच चार होस्टवर व्हीएम म्हणून ठेवलाय का? असेल तर आधी बाहेर काढा. लाइट जाऊन आली आणि नेमकी तीच व्हीएम उठली नाही, तर तिचा कन्सोल कुठून उघडणार?