मदत हवी आहे: थिएटरमध्ये रडणारं बाळ आणि बडबडे शेजारी, सांगायचं कोणाला आणि कसं?

मागची_रांग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, माझा पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आधी असा धागा असेल तर लिंक द्या, मी शोधला पण "मूल" शब्दाने नुसते मुळा-भाजीचेच धागे आले.

तर झालं असं. परवा रात्रीच्या शोला गेलो होतो, बऱ्याच दिवसांनी आणि एकटाच. सिनेमा असा की अर्धी मजा शांततेतच आहे, दोन माणसं टेबलाशी बसलीयेत, कोणी काही बोलत नाही, नुसतं घड्याळ ऐकू येतंय, आणि नेमकं तेव्हाच माझ्या मागच्या रांगेतलं सात-आठ महिन्यांचं बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग सरळ टाहो. आई खांद्यावर घेऊन थोपटतेय, बाबा खुळखुळा वाजवतोय (खुळखुळा! सिनेमात! म्हणजे रडणं परवडलं), मी पाच मिनिटं थांबलो, मग आणखी पाच. त्यात उजवीकडे दोन सीट सोडून एक गृहस्थ फोनवर, "हां बोल, नाही नाही, सिनेमाला आलोय, तू बोल ना", आणि हे कुजबुजत नाही हां, बाजारात उभं राहून बोलावं तसं.

शेवटी माझं डोकं सरकलं आणि मी मागे वळून त्या आईला म्हणालो, "अहो, जमत नाही तर घरी बसायचं ना." झालं. ती एक शब्द बोलली नाही. पिशवी उचलली, बाळ उचललं, अंधारात पायरी चाचपडत बाहेर गेली. इंटरव्हलनंतरही आली नाही. नवरा मात्र शेवटपर्यंत आत बसून होता.

आणि तो फोनवाला? त्याने नंतर अजून दोन फोन घेतले. त्याला मी काहीच बोललो नाही. अंगाने माझ्या दुप्पट होता आणि बरोबर तीन दोस्त होते, खरं कारण हेच, उगाच दुसरं काय सांगू. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे ज्याला बोलायला भीती वाटत नव्हती त्यालाच बोललास. दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय.

तर प्रश्न असे: बाळ रडत असेल तर आईबापांना सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत? मोठी माणसं त्रास देत असतील तर भांडण न होता त्यांना गप्प कसं करायचं? थिएटरच्या लोकांना सांगून खरंच काही होतं का, की ते नुसती मान हलवतात? आणि हे सगळं करताना निम्मा सिनेमा हुकतो त्याचं काय? "आता घरीच बघा, मोठा टीव्ही घ्या" हे सल्ले कृपया नकोत, ते मला सुचलेत.

उगाचच

मोठा टीव्ही घ्या.

(सॉरी, राहवलं नाही.)

दोन_पोरांची_आई

तुमच्या जागी मला ती मागच्या रांगेतली बाईच दिसतेय, त्यामुळे थोडं कडक लिहिणार आहे, राग मानू नका.

पहिलं म्हणजे, बाळ रडायला लागलं हे त्या आईला तुमच्या आधी कळलेलं असतं. तुम्हाला ऐकू येतं, तिच्या अंगाला घाम फुटतो. ती पाच मिनिटं बसून राहते ती तुम्हाला त्रास द्यायला नाही, तिला वाटत असतं आता झोपेल, आता झोपेल, आणि खरंच दहातल्या सहा वेळा झोपतं हो. पण तुमचं हेही मान्य की तिने दुसऱ्या मिनिटाला उठायला हवं होतं. मी स्वतःला नियमच घालून घेतला होता, पहिला "ऍं" आला की उठायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. त्यासाठी सीट कडेचीच घ्यायची, दाराच्या जवळची. मधली सीट घेतली की दहा गुडघे ओलांडावे लागतात, मग माणूस उठायचं टाळतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

आणि खरा प्रश्न नवऱ्याचा आहे, तो आत का बसून राहिला? आम्ही दोघं पाळी लावायचो, इंटरव्हलपर्यंत मी, पुढे तो. दोघांनाही अर्धा-अर्धा सिनेमा. रात्री झोपताना एकमेकांना गोष्ट सांगून पुरा करायचो, त्यात त्याचा शेवट नेहमी माझ्यापेक्षा रंगतदार असायचा.

पुढच्या वेळी वळून बघताना तिला एवढंच म्हणा, "तुम्ही बाहेर जाऊन या, सामानाकडे मी बघतो." विश्वास ठेवा, ती पळत जाईल. बऱ्याचदा अडलेलं असतं ते पिशवी, पांघरूण, बाटली, चपला यातच.

खटका_आणि_खट्टू

दोन_पोरांची_आई +१, पण मुळात एवढ्या लहान बाळाला रात्रीच्या शोला आणायचंच कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की १८ महिन्यांच्या आत व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीनच नको. आणि

दोन_पोरांची_आई

@खटका, सात महिन्यांचं बाळ सिनेमा बघायला नाही आलेलं, आई आलीये. तो वेगळा धागा काढा, तिथे येते मी भांडायला.

ध्वनीफीत

मी साउंडमध्ये काम करतो म्हणून एक बाजू सांगतो, ती सहसा कोणी बोलत नाही. सिनेमा मिक्स होतो (म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवतात) तेव्हा पडद्यामागचा एकेक स्पीकर ८५ डेसिबलच्या ठरलेल्या पातळीवर जुळवलेला असतो, आणि वर उसळी मारायला २० डेसिबलची जागा ठेवलेली असते, म्हणजे एका स्पीकरचं शिखर १०५ पर्यंत जातं. हे सतत नसतं, धमाका किंवा गाण्याच्या ठेक्यापुरतं, पण कुशीतल्या बाळाला ते काय वाटत असेल बघा. कामाच्या जागेसाठी जो सुरक्षिततेचा हिशोब धरतात तो ८५ ला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तोही मोठ्या माणसांचा हिशोब. बाळाच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे बारीक, टोकदार आवाज त्याच्या पडद्यापर्यंत आपल्यापेक्षा जास्तच चढून पोचतात.

तेव्हा बरीचशी बाळं कंटाळून नाही, दचकून रडतात. आणि छातीशी धरलेल्या बाळाचं रडणं स्वतःच शंभराच्या वर जाऊ शकतं, म्हणून ते शांत सीनमध्ये आरपार ऐकू येतं. आपला कान २ ते ४ हजार हर्ट्झच्या (आवाज किती बारीक याचं माप) टापूत सगळ्यात तिखट असतो आणि रडण्याचा बराच भाग तिथेही पडतो. म्हणून "दुर्लक्ष करा" हा सल्ला चालत नाही, दुर्लक्ष होऊच नये अशीच ती रचना आहे.

आईबापांसाठी: बाळांचे कान झाकायचे मफ मिळतात, हेडफोनसारखे दिसतात पण त्यात गाणी वाजत नाहीत. कापसाचे बोळे घालू नका, त्याने फार काही अडत नाही आणि बोळा आत राहायची भीती. आणि बसायचं मागे. पुढच्या रांगा आणि भिंतीवरच्या स्पीकरच्या अगदी खालची सीट टाळा.

टॉर्चवाला

नऊ वर्षं थिएटरच्या दारावर काढली, आता दुसरं काम करतो. धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, बाकीचं इथल्या शहाण्यांवर सोडतो.

सांगून होतं का? होतं, पण कधी सांगता त्यावर आहे. लोक काय करतात, दीड तास सहन करतात, मग बाहेर येऊन आमच्या अंगावर ओरडतात, पैसे परत द्या. आता दीड तासानंतर मॅनेजर पैसे परत कसा देणार, तुम्ही सिनेमा बघितलात ना. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आलात तर त्याच्या हातात बरंच असतं, दुसरी सीट देता येते, दुसऱ्या शोला बसवता येतं, कधीकधी पुढच्यासाठी पास. उशीर झाला की हातात फक्त सॉरी.

दुसरं, येऊन "आत खूप गोंधळ आहे" म्हणू नका. रांग आणि सीट नंबर सांगा, काय चाललंय ते एका वाक्यात सांगा. "जी रांग, बारा नंबर, तिसरा फोन चालू आहे." आम्ही अंधारात शिरतो तेव्हा आम्हाला तीनशे डोकी सारखीच दिसतात. आणि तक्रार कोणी केली हे आम्ही कधी सांगत नाही, आत जाऊन आधी दोन रांगा सोडून उगाच टॉर्च मारायचा, मग त्याच्याकडे वळायचं. त्या दुप्पट अंगाच्या माणसाला तुम्ही बोलू नका, ते आमचं काम होतं. युनिफॉर्म घातलेल्या पोराने "सर, फोन बाहेर घ्या" म्हटलं तर दहातले आठ जण निमूट उठतात, तेच शेजाऱ्याने म्हटलं तर दहाही जणांची इज्जत जाते.

सीटवर बसून मेसेज करू नका तक्रारीचा. एक तर तुमचाही फोन उजळतो. सिनेमाच्या पडद्याचा ठरलेला उजेड ४८ निट्स (उजेडाचं माप), आणि तुमचा फोन पूर्ण ब्राइटनेसवर त्याच्या दहापट सहज असतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, ते एका मेसेजने पुसून जातं, तुमचंही आणि मागच्या चार जणांचंही.

आणि बाबागाडी मधल्या वाटेत ठेवू नका हो. आग लागली तर सगळे त्याच वाटेने पळणार आहेत. दारावर द्या, आम्ही ठेवतो.

सावळागोंधळ

मला उलट मदत हवी आहे. मी तोच बोलणारा माणूस आहे. आईला डोळ्यांनी फार कमी दिसतं, तिला सिनेमा मात्र थिएटरमध्येच बघायचा असतो, आवाज आवडतो म्हणते. मग मी कानात सांगत राहतो, आता तो जिना चढतोय, आता तिने पत्र फाडलं. शक्य तितकं हळू बोलतो तरी पुढची माणसं वळतात. एकदा एकाने "कॉमेंट्री बंद करा" म्हटलं, आईनेही ऐकलं. तेव्हापासून ती नको म्हणते. काय करू?

ध्वनीफीत

@सावळागोंधळ, ऑडिओ डिस्क्रिप्शन विचारा तिकीट काढताना. बऱ्याच सिनेमांबरोबर वर्णनाचा वेगळा ट्रॅक येतो, थिएटर हेडफोन देतं किंवा फोनच्या ॲपवर तो सिनेमाशी जुळवून ऐकता येतो. हॉलमध्ये कोणालाच कळत नाही. सगळ्या सिनेमांना नसतो पण, म्हणून आधी विचारायचं.

ट्रॅक नसेल तर दुपारचा, मधल्या वाराचा शो आणि शेवटून दुसरी रांग. मागे माणूस कमी, पुढे अंतर जास्त. आणि शो सुरू व्हायच्या आधी पुढच्यांना सांगून टाका की आईला दिसत नाही, मी हळू बोलेन. आधी सांगितलं की ऐंशी टक्के राग जातो (आकडा माझ्या मनातला आहे, पकडू नका).

दोन_पोरांची_आई

डोळ्यात पाणी आणलंत. काकूंना न्या परत.

आणि बाळवाल्यांसाठी राहिलंच, काही थिएटरं खास बाळांचे शो ठेवतात, दिवे अर्धवट चालू, आवाज कमी, रडलं तरी कोणी बघत नाही कारण सगळ्यांचीच रडतायत. तसेच शो ऑटिझम असलेल्या मुलांसाठीही असतात, तिथे उठून फिरता येतं, नाचता येतं. अमेरिकेत एएमसी या थिएटरांच्या साखळीने २००७ पासून सुरू केले. जुन्या काळी तर काही थिएटरांत मागे काचेची खोलीच असायची रडणाऱ्या बाळांसाठी, आतून पडदा दिसायचा, आवाजाला वेगळा स्पीकर. काढून का टाकली कोण जाणे, मी तर तिथेच संसार थाटला असता.

मागची_रांग (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन_पोरांची_आई, राग नाही आला, लागलं मात्र. नवऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि ते डोक्यात न येणं हीसुद्धा बहुतेक त्याच माळेतली गोष्ट.

अपडेट: काल पुन्हा गेलो, मुद्दाम. डावीकडे दोन कॉलेजची मुलं, प्रत्येक सीनला "आता बघ हं, आता मरेल हा". दहाव्या मिनिटाला उठलो, बाहेरच्या माणसाला रांग-नंबर सांगितला, टॉर्चवाले म्हणाले तस्संच. तो आला, दोन रांगा सोडून टॉर्च मारला (मला हसूच आलं), मग यांच्याकडे वळला. मुलं गप्प. माझा सिनेमा तीन मिनिटांचा हुकला, तेवढ्यात कोणीतरी मेलं होतं बहुतेक, कारण पुढे सगळे पांढऱ्या कपड्यांत होते.

पण मग नवीन सुरू. मागून सीटला लाथा. ठक, ठक, थांबून पुन्हा ठक. पुन्हा उठून जायची लाज वाटली, तोच माणूस काय म्हणेल. तसाच बसलो. याचं काय करायचं?

टॉर्चवाला

आधी वळून बघा लांब पायांचा माणूस आहे की मूल. माणूस असेल तर बहुतेक जागाच अपुरी असते, तुम्ही एक सीट सरका, वाद संपला. मूल असेल तर आईबापांशी बोलू नका, त्याच्याशीच बोला. रागाने नाही, "माझ्या पाठीला लागतंय रे" एवढंच. बहुतेक पोरं लगेच पाय वर घेऊन मांडी घालतात. त्यांना माहीतच नसतं खुर्चीत माणूस आहे ते.

मागची_रांग (धागाकर्ता)

मूलच होतं. पाच-सहा वर्षांचं, शेजारी आई. मी वळलो होतो एकदा, पण आईकडे बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं.