हॅश जुळला म्हणजे ग्राफ सारखे, असं नाही

प्रोग्रामची प्रत्येक शक्य अवस्था (स्टेट) ग्राफ म्हणून मांडून तपासणाऱ्या व्हेरिफिकेशन टूलबद्दल एक सल्ला दिलाय: ग्राफवरून काढलेला छोटा आकडा, म्हणजे हॅश, आधी पाहिलेल्या स्टेटशी जुळला की नवी स्टेट टाकून द्या, आयसोमॉर्फिझम (नोडची नावं बदलली तर दोन्ही ग्राफ तेच आहेत का) तपासत बसू नका. ते अजिबात पटलं नाही. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही हेच केलं आणि पस्तावलो. सहा प्रोसेस, कोण कोणाच्या लॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या ताब्यासाठी) थांबलंय त्याचा ग्राफ, प्रत्येक प्रोसेस म्हणजे एक नोड, आता सहा जणांचं एकच कडं घ्या किंवा तिघातिघांची दोन, प्रत्येक नोडला एक बाण येतो नि एक जातो, त्यामुळे डिग्रीवरचा (नोडला किती बाण येतात-जातात त्यावरचा) हॅश तोच, आणि टूलने दुसरी स्टेट पाहिलीच नाही. डेडलॉक (कड्यातले सगळे एकमेकांसाठी अडकून बसणं) सोडवणारा आमचा कोड एकच कडं तोडून थांबायचा, तो बग नेमका तिथेच होता! हॅशमध्ये प्रत्येक नोडच्या शेजाऱ्यांची लेबलं मिसळूनही ही जोडी वेगळी होत नाही, करून बघा.

सारखे ग्राफ ओळखायचे राहिले तर नुसती मेमरी जाते, सहा एकसारख्या प्रोसेसची अदलाबदल करून एका स्टेटच्या फार तर ७२० कॉप्या, पण वेगळे ग्राफ एक धरले तर व्हेरिफिकेशनच खोटं पडतं. हॅशने बकेट (तोच हॅश असलेल्या स्टेटचा गट) निवडा, आत आयसोमॉर्फिझमचं पूर्ण मॅचिंग कराच.